न ऐकलेला रॉक : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

साठ ते ऐंशीच्या दशकांतील, आज फारसे कोणाच्या स्मरणात नसलेल्या रॉक कलावंतांविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही गेल्या अंकात केले होते. पत्रे अपेक्षेपेक्षा पुष्कळ आली. बरीचशी एकमेकांशी मिळतीजुळती असल्याने त्यांतील काही येथे निवडली आहेत आणि पत्रलेखकांच्या नावांऐवजी केवळ गावांची नावे दिली आहेत.

प्रश्न (फोंडा) : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. रॉक ऐकायला बसलो की मोबाइल मला फिरून फिरून तेच दहा-बारा बँड ऐकवतो. माझे मामा म्हणतात की त्या काळातले खरे चांगले संगीत कधी लोकांपर्यंत पोहोचलेच नाही. हे कितपत खरे मानावे? आणि अशा संगीताकडे जायचे तर कोणत्या वाटेने?

उत्तर : मामांचे अर्धे म्हणणे मान्य करायला हरकत नाही. गाजलेले बँड उगाच गाजले असे कोणी म्हणू नये. मात्र त्या काळात एखादी तबकडी लोकांच्या कानांवर पडायची तर ती काढणारी कंपनी, ती दुकानांपर्यंत नेणारा वितरक, ती वाजवणारे रेडिओ केंद्र आणि तिच्याविषयी लिहिणारे नियतकालिक असे सगळे एकाच वेळी जागेवर असावे लागत, आणि त्यांतला एक दुवा निखळला तरी उत्तम काम गोदामात पडून राही.

अमेरिकेतील मेम्फिस शहरातला ‘बिग स्टार’ हा बँड ह्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. त्यांचा पहिला अल्बम १९७२ साली निघाला आणि समीक्षकांनी त्याची तोंडभरून स्तुती केली. परंतु परीक्षण वाचून दुकानात गेलेल्या माणसाला तो मिळतच नव्हता, कारण वितरणाची जबाबदारी ज्या स्टॅक्स कंपनीकडे होती तिला तो दुकानांत पोहोचवता आला नाही, आणि पुढे ते काम कोलंबियाकडे सोपवले गेल्यावरही फरक पडला नाही. १९७४ साली आलेल्या दुसऱ्या अल्बमची तीच गत झाली. तिसरा तर ध्वनिमुद्रण होऊनही १९७८ पर्यंत बाहेर पडला नाही. ह्या बँडचा गायक ॲलेक्स चिल्टन हा काही अनोळखी पोरगा नव्हता. ‘बॉक्स टॉप्स’ ह्या गटाचे १९६७ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेले गाणे त्याने वयाच्या सोळाव्या वर्षी गायलेले होते. त्याचा जोडीदार क्रिस बेल १९७८ च्या डिसेंबरात मोटार अपघातात गेला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता, आणि त्याचा स्वतःचा अल्बम प्रकाशित व्हायला १९९२ साल उजाडले. दरम्यान ऐंशीच्या दशकात आर.ई.एम. आणि रिप्लेसमेंट्स ह्या बँडांनी बिग स्टारचे ऋण उघडपणे सांगायला सुरुवात केली आणि त्यांचे श्रोते मागे वळून ह्या तबकड्या शोधू लागले.

इंग्लंडमधील ‘झॉम्बीज’ ह्या बँडची कथा थोडी वेगळी आहे. त्यांनी १९६७ साली लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत आपला उत्कृष्ट अल्बम मुद्रित केला, परंतु तो १९६८ साली बाजारात येण्याआधीच कंटाळून बँड मोडला. त्यातील एक गाणे १९६९ साली अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढले तेव्हा ते वाजवून दाखवायला बँडच अस्तित्वात नव्हता, आणि त्या पोकळीचा फायदा घेऊन काही तोतया झॉम्बीज अमेरिकाभर कार्यक्रम करत हिंडले. त्या तोतयांतले दोघे पुढे ‘झीझी टॉप’ ह्या प्रसिद्ध बँडमध्ये गेले, हे वाचून मामांची करमणूक होईल.

निक ड्रेक हे नाव आपण कदाचित ऐकले असेल. १९६९ ते १९७२ ह्या काळात त्याचे तीन अल्बम आले, ते फारसे खपले नाहीत, आणि १९७४ साली सव्विसाव्या वर्षी तो वारला. त्याच्या गिटारच्या तारा तो बहुधा नेहमीच्या स्वरांत न लावता निरनिराळ्या गाण्यांसाठी निराळ्या लावत असे, त्यामुळे त्याचे गिटारवादन आजही सहजासहजी नक्कल करता येत नाही. त्याला मोठा श्रोतृवर्ग लाभला तो १९९९ साली, तोही फोक्सवॅगनच्या एका मोटारीच्या जाहिरातीत त्याचे गाणे वापरले गेल्यावर.

आता वाटेविषयी. मोबाइल जे सुचवतो ते बहुतांशी इतरांनी ऐकलेले असते, म्हणून तेथून सुरुवात केली तर आपण गर्दीतच फिरत राहणार. त्यापेक्षा आपल्याला खरोखर आवडलेला एक अल्बम घ्यावा आणि त्याच्या वेष्टनावरची बारीक अक्षरांतली नावे वाचावीत : निर्माता कोण, ध्वनिमुद्रक कोण, स्टुडिओ कोणता, पाहुणा वादक कोण. निक ड्रेकचा निर्माता जो बॉइड ह्याचे नाव धरून पुढे गेलात तर इंग्लंडमधील त्या काळच्या निम्म्या लोकसंगीत-रॉकपर्यंत पोहोचाल. दुसरी वाट उलटी : आपला आवडता बँड मुलाखतींत कोणाकोणाची नावे घेतो ते टिपून ठेवावे. आणि अल्बम मिळाला की तो पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत त्याच क्रमाने, मधे न थांबता, निदान दोनदा ऐकावा. एका गाण्यावरून निकाल देणे अशा कलावंतांच्या बाबतीत हमखास अन्यायाचे ठरते, कारण त्यांच्याकडे बहुधा एकही ‘हिट’ गाणे नसते.

प्रश्न (डिचोली) : रॉड्रिगेझ ह्या विस्मृत गायकावरचा माहितीपट पाहून मी भारावून गेलो. माझा मित्र मात्र म्हणतो की ‘विसरलेला प्रतिभावंत’ ही आता विक्रीची युक्ती झाली आहे आणि जुन्या तबकड्यांचे भाव त्यामुळेच चढले आहेत. कोणाचे बरोबर?

उत्तर : दोघांचेही थोडे थोडे. सिक्स्टो रॉड्रिगेझ हा डेट्रॉइटचा गायक. त्याचे १९७० आणि १९७१ साली आलेले दोन अल्बम अमेरिकेत पडले, कंपनीने त्याला सोडले, आणि तो इमारती पाडण्याच्या व दुरुस्तीच्या कामावर जाऊ लागला. त्याच्या नकळत दक्षिण आफ्रिकेत, वर्णभेदाच्या राजवटीखाली वाढणाऱ्या गोऱ्या तरुणांत, ती गाणी घरोघर पोहोचली. गायक रंगमंचावरच आत्महत्या करून मेला अशी तेथे वदंता होती. १९९८ साली तो जिवंत, सडपातळ आणि काळा चष्मा लावून दक्षिण आफ्रिकेत गायला उभा राहिला. २०१२ च्या माहितीपटाला पुढच्या वर्षी ऑस्कर मिळाले, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये रॉड्रिगेझ एक्याऐंशीव्या वर्षी वारला. हे सर्व खरे आहे. परंतु त्याच रॉड्रिगेझला ऑस्ट्रेलियात सत्तरच्या दशकातच चाहते मिळाले होते आणि १९७९ व १९८१ साली त्याने तेथे दौरेही केले होते, ही गोष्ट चित्रपटाने गाळली, कारण ती ठेवली असती तर ‘कोणालाच ठाऊक नसलेला माणूस’ ही रचना ढासळली असती. कहाणी खरी असूनही कापून-छाटून मांडलेली असू शकते, एवढे ध्यानात ठेवून असे चित्रपट पाहावेत.

भावांविषयी आपल्या मित्राशी मी सहमत आहे. तबकडीची किंमत तिच्या दुर्मिळतेने ठरते, आणि पुष्कळ तबकड्या दुर्मिळ असतात त्या केवळ त्या वेळी कोणी घेतल्या नाहीत म्हणून. न घेणाऱ्यांचे कान दरवेळी चुकलेले नसत. सत्तरच्या दशकात पदरमोड करून काढलेल्या कितीतरी अल्बमांत एक चांगले गाणे आणि बाकी भरताड, असाच प्रकार आढळतो. पैसे मोजण्यापूर्वी ऐकावे. आज बहुतेक सर्व पुनर्मुद्रणे आधी ऐकता येतात.

मात्र एका उदाहरणापुढे मित्राने नमते घ्यावे असे मला वाटते. डेट्रॉइटमध्येच हॅकनी आडनावाच्या तीन कृष्णवर्णीय भावांनी ‘डेथ’ नावाचा बँड काढला आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यावर, पंक हा प्रकार जगाला ठाऊक होण्यापूर्वी, त्याच वेगाची आणि त्याच तडफेची गाणी मुद्रित केली. नाव बदला, मग अल्बम काढू, असे एका बड्या कंपनीच्या प्रमुखाने सुचवले. थोरल्या डेव्हिडने नकार दिला. १९७६ साली त्यांनी स्वतःच पाचशे छोट्या तबकड्या छापून घेतल्या. डेव्हिड २००० साली वारला, आणि ती जुनी मुद्रणे २००९ साली प्रथमच अल्बमच्या रूपात आली. ती ऐकताना कोणाला कहाणी सांगावी लागत नाही.

प्रश्न (म्हापसा) : गोव्याचे नाव निघाले की लोक हणजूणची ट्रान्स पार्टी किंवा मांडो एवढेच सांगतात. मधल्या काळात आपल्याकडे रॉक नव्हताच का? आणि मराठी माणसाने ह्या प्रकारात काही केले आहे का?

उत्तर : होता, आणि चांगला होता. गोव्यात पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण चर्चशी जोडलेल्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या मिळत आले, त्यामुळे स्वरलिपी वाचणारा वादक गावोगाव सापडे. १९४६ साली सुरू झालेल्या ‘एमिसोरा दि गोवा’ ह्या रेडिओ केंद्राने, जे मुक्तीनंतर आकाशवाणीचे पणजी केंद्र झाले, पाश्चात्त्य सुगम संगीताची सवय घराघरांत लावली होती. साठच्या दशकात ख्रिस पेरी आणि लोर्ना ह्यांच्या कोंकणी तबकड्यांत जॅझ आणि लॅटिन ठेके कसे खेळतात ते आठवावे. ते रॉक नव्हे, पण ज्या मुलांनी नंतर इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली त्यांचे कान ह्याच गाण्यांवर तयार झाले होते.

रॉकचा खरा ठेवा म्हणाल तर तो रेमो फर्नांडिस ह्यांच्या सुरुवातीच्या कॅसेटींत आहे. रेमो हे विस्मृत कलावंत आहेत असे कोणी म्हणणार नाही. २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि हिंदी चित्रपटांमुळे त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याच प्रसिद्धीने त्यांचे मूळचे काम झाकून टाकले. १९५३ साली जन्मलेल्या शिवोलीच्या ह्या मुलाने शाळेत असताना ‘बीट ४’ नावाचा बँड काढला, मुंबईत जे. जे. मध्ये वास्तुकला शिकताना तेथील ‘सॅव्हेजेस’ ह्या नामांकित बँडबरोबर तो वाजवत असे, पुढे युरोप आणि उत्तर आफ्रिकेत भटकून तो गावी परतला. १९८४ साली त्याने ‘गोवन क्रेझी’ ही कॅसेट शिवोलीच्या घरातच मुद्रित केली : चार ट्रॅकचे एक कॅसेट रेकॉर्डर, सगळी वाद्ये स्वतःची, सगळे आवाज स्वतःचे, वेष्टनावरचे चित्रही स्वतःचे. तयार झालेल्या कॅसेटी स्कूटरवर घालून दुकानादुकानांत पोहोचवण्याचे कामही त्यानेच केले.

ही कॅसेट हेडफोन लावून ऐकावी, म्हणजे एका माणसाचा बँड कसा उभा राहतो ते कळते. चार ट्रॅक म्हणजे एकावर एक चारच थर. पाचवे वाद्य घालायचे तर आधीचे दोन-तीन थर एकत्र करून उरलेल्या एका ट्रॅकवर उतरवावे लागतात, आणि प्रत्येक उतरवणीत फितीचा सरसर आवाज थोडा वाढतो व वरचे तीक्ष्ण स्वर थोडे मऊ होतात. एकदा उतरवलेले मिश्रण पुन्हा सुटे करता येत नाही, म्हणून बासरी किती आणि ढोल किती ह्याचा निर्णय गाणे पूर्ण होण्यापूर्वीच घेऊन टाकावा लागतो. त्या बंधनातून आलेली आटोपशीर मांडणी रेमोंच्या पुढच्या, मोठ्या स्टुडिओत केलेल्या कामात मला तितकी आढळत नाही.

हणजूणविषयी एवढेच सांगतो की तेथील समुद्रकिनाऱ्यावरच्या रात्री सुरुवातीला गिटार-ड्रमच्याच होत्या. सॅन फ्रान्सिस्कोहून सत्तरच्या दशकाच्या तोंडावर आलेला गोवा गिल, जो पुढे ट्रान्स पार्ट्यांमुळे प्रसिद्ध झाला आणि २०२३ साली वारला, तोही आधी रॉकवालाच होता. संगणकी संगीताचे युग ऐंशीच्या दशकात आले. त्या सुरुवातीच्या रात्रींचे ध्वनिमुद्रण कोणा वाचकाच्या घरी असेल तर कृपया आम्हाला कळवावे.

देशात अन्यत्र पाहिल्यास इंपीरियल टोबॅको कंपनी आपल्या सिमला सिगारेटच्या प्रचारासाठी ‘सिमला बीट’ ही बँडची स्पर्धा भरवीत असे. तिच्या १९७० आणि १९७१ च्या निवडक गाण्यांच्या तबकड्या निघाल्या, आणि शिलाँगचे ‘फेंटोन्स’, मद्रासचे ‘कन्फ्यूजन्स’ अशी मंडळी आज केवळ त्या तबकड्यांमुळे ऐकायला मिळतात. मुंबईच्या ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ ची गाणी तर २०११ साली अमेरिकेतील नाऊ-अगेन ह्या कंपनीने नव्याने काढली. कोलकात्यातील ‘मोहीनेर घोडागुली’ ह्या बँडचे १९७७ ते १९७९ मधील तीन छोटे अल्बम त्या वेळी थोड्यांनीच ऐकले. १९९५ साली गौतम चट्टोपाध्याय ह्यांनी तरुण गायकांना घेऊन नवा संग्रह काढला तेव्हा बंगालला आपल्या पहिल्या बंगाली रॉक बँडचा शोध लागला.

मराठी माणसाच्या बाबतीत मी नंदू भेंडे ह्यांचे नाव आधी घेईन. आत्माराम भेंडे ह्यांचे हे चिरंजीव मुंबईच्या रॉक बँडांतून गात असत. ॲलेक पदमसी ह्यांनी सत्तरच्या दशकात मुंबईत बसवलेल्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ ह्या रॉक संगीतिकेत त्यांनी ज्यूडासची भूमिका गाजवली, आणि पु. ल. देशपांडे ह्यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’ च्या १९७८ सालच्या प्रयोगांत रॉकचा बाज मराठी रंगभूमीवर आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता. लावणी आणि इलेक्ट्रिक गिटार एकाच नाटकात, तेही कोणाला न खटकता नांदली, ह्याचे श्रेय मराठी समीक्षेने त्यांना पुरेसे दिले नाही असे माझे स्पष्ट मत आहे. ते २०१४ साली गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांची ओळख प्रामुख्याने नाट्यकलावंताचे पुत्र अशीच करून दिली.

प्रश्न (मडगाव) : माझ्या दिवंगत थोरल्या भावाने जमवलेल्या कॅसेटी आणि छोट्या तबकड्या एका खोक्यात माळ्यावर होत्या. काहींवर पांढरी बुरशी धरली आहे. काही कॅसेटींवर तो ज्या बँडमध्ये वाजवी त्याच्या तालमी आहेत, म्हणून टाकवत नाहीत. त्या वाचवता येतील का?

उत्तर : येतील, पण घाई करू नका आणि बुरशी दिसणारी एकही कॅसेट चालू यंत्रात घालू नका, कारण ती बुरशी यंत्राच्या हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, बसते आणि तेथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. आधी सर्व कॅसेटी उजेडात धरून खिडकीतून रिळाची कड पाहावी. कड काळपट-तपकिरी आणि एकसारखी दिसली तर फीत शाबूत आहे. पांढरे ठिपके किंवा कापसासारखे तंतू दिसले तर ती बाजूला ठेवावी. गाद्यांना दिवाळीच्या सुमारास ऊन दाखवतो तसे कॅसेटींना कदापि दाखवू नये. उन्हाने कवच वाकते आणि तबकडी तर तासाभरात वाटीसारखी होते.

बुरशी धरलेली कॅसेट बाहेरच्या ओट्यावर, नाकातोंडावर रुमाल बांधून उघडावी. कवचाला पाच बारीक स्क्रू असतील तर ते काढून दोन्ही रिळे जशीच्या तशी दुसऱ्या स्वच्छ, स्क्रूच्याच कवचात ठेवावीत. कवच चिकटवलेले असेल तर सांध्यावरून पात्याने हलकेच फोडावे लागते, आणि ते काम प्रथम एखाद्या टाकाऊ कॅसेटवर करून पाहावे. त्यानंतर पेन्सिलीने रीळ फिरवत, फीत मऊ, कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाच्या चिमटीतून सावकाश ओढून घ्यावी. कापड काळे पडले तर जागा बदलावी. फितीला पाणी लावू नये.

कवच उघडलेच आहे तर मध्यभागी तांब्याच्या पातळ पट्टीवर चिकटवलेली नखाएवढी गादी पाहून घ्यावी. फीत हेडवर दाबून धरण्याचे काम ती करते, आणि वर्षानुवर्षांनी तिचा गोंद वाळून ती गळून पडते. मग आवाज घुसमटलेला, दुरून आल्यासारखा येतो, आणि ‘कॅसेट खराब झाली’ असे समजून लोक ती फेकून देतात. जुन्या निरुपयोगी कॅसेटमधली गादी काढून तेथे बसवली की आवाज परत येतो. कवच बंद केल्यावर मागच्या कडेच्या दोन प्लॅस्टिकच्या पाकळ्या मोडाव्यात, म्हणजे चुकून वर काही मुद्रित होणार नाही.

वाजवण्यापूर्वी यंत्राचे हेड आणि फीत ओढणारी धातूची दांडी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसावीत, रबरी चाकाला मात्र साबणाचे सौम्य पाणी पुरते. कॅसेट प्रथम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि परत अशी पूर्ण गुंडाळून घ्यावी. वर्षानुवर्षे पडून राहिल्याने चिकटलेले थर त्यामुळे मोकळे होतात. तालमीची कॅसेट ज्या यंत्रावर मुद्रित झाली त्याचे हेड आपल्या यंत्राच्या हेडपेक्षा किंचित तिरके असण्याची शक्यता असते. हेडच्या शेजारचा छोटा स्क्रू अगदी अल्प फिरवत राहिले की एका ठिकाणी झांजांचा आवाज एकदम उजळतो. तीच त्या कॅसेटची जागा. संगणकावर उतरवून घेताना ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे, परंतु मूळ प्रत डब्ल्यूएव्ही स्वरूपातच, २४ बिटवर जतन करावी आणि एमपी३ केवळ ऐकण्यासाठी तयार करावी. खरखर काढण्याचा मोह मूळ प्रतीवर आवरावा, कारण तिच्याबरोबर झांजाही जातात.

तबकड्यांचे काम सोपे आहे. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी धुण्याच्या द्रवाचा एक थेंब, मऊ कापड, आणि खाचांच्या दिशेने गोल पुसणे; मधला कागद ओला होऊ देऊ नये, आणि उभ्या ठेवून पंख्याखाली वाळवाव्यात. खोक्यात जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या असल्या तर त्यांना स्पिरिट किंवा अल्कोहोल अजिबात लावू नये, कारण त्या लाखेच्या असतात आणि विरघळतात. शेवटच्या गाण्यानंतरच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेले आकडे लिहून घ्यावेत. कोणती आवृत्ती कोणत्या साच्यातून निघाली हे त्यांवरून कळते.

आणि सर्वांत आधी, आजच, एक वही घेऊन कॅसेटीवरचे सगळे हस्ताक्षर उतरवून ठेवा, तसेच त्या बँडमधले जे कोणी हयात असतील त्यांना दूरध्वनी करून कोण काय वाजवत असे ते विचारून घ्या. आवाज मशीनने परत येतो, नावे येत नाहीत. भावाच्या बँडचे कार्यक्रम जाहीर झाले असतील तर पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जुने ‘गोमन्तक’ आणि ‘नवहिंद टाइम्स’ चाळावेत, विशेषतः नाताळ आणि कार्निव्हलच्या आठवड्यांतील जाहिरातींची पाने.

प्रश्न (पणजी) : अशा याद्यांत नेहमी पुरुषच का असतात?

उत्तर : याद्या करणारे बहुतेक पुरुष असतात म्हणून. जून आणि जीन मिलिंग्टन ह्या मनिलात जन्मून कॅलिफोर्नियात वाढलेल्या बहिणींच्या ‘फॅनी’ ह्या बँडपासून सुरुवात करावी. १९७० साली मोठ्या कंपनीकडून पूर्ण अल्बम काढणारा हा पहिला सर्वस्वी स्त्रियांचा रॉक बँड, आणि ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीने १९९९ साली त्यांची जाहीर स्तुती करेपर्यंत बहुतेकांच्या विस्मरणात गेलेला. त्यांचे ड्रम ऐका. वाश्टी बन्यन ही इंग्लंडची गायिका १९७० चा अल्बम पडल्यावर संगीत सोडून खेड्यात मुले आणि जनावरे सांभाळत राहिली. २००० साली तो अल्बम पुन्हा निघाला आणि दुसरा अल्बम तिने २००५ साली केला. जूडी सिलच्या १९७१ आणि १९७३ च्या दोन अल्बमांत बाख ह्या जुन्या जर्मन संगीतकाराची रचनापद्धती आणि अमेरिकन भजनांचा सूर एकत्र आला आहे. माझ्या मते ह्या उत्तरातील सर्वांत मोठी प्रतिभा तिचीच. ती १९७९ साली पस्तिसाव्या वर्षी वारली. आपल्याकडच्या आशा पुथली ह्यांनी मुंबईत गाऊन पुढे १९७२ साली ऑर्नेट कोलमनच्या जॅझ अल्बमवर आवाज दिला, आणि तरी त्यांचे नाव आजही परदेशातच अधिक घेतले जाते.

प्रश्न (वास्को) : माझे लिस्बनचे नातेवाईक पोर्तुगीज रॉकची फार तारीफ करतात. त्यात काही दम आहे का?

उत्तर : आहे. झोझे सीद ह्यांचा १९७८ सालचा, पृथ्वीच्या विनाशानंतर दहा हजार वर्षांनी घडणाऱ्या कथेवरचा अल्बम मिळवावा. मेलोट्रॉन ह्या, पट्टी दाबताच फितीवर मुद्रित केलेले सूर वाजवणाऱ्या वाद्याचे दाट पडदे त्यात आहेत. पोर्तुगालमध्ये तो त्या वेळी चालला नाही, नंतर जगभरच्या संग्राहकांनी डोक्यावर घेतला. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना शब्दही समजतील, ही जमेची बाजू.

प्रश्न (साखळी) : आमच्याकडच्या जुन्या कॅसेटी उतरवून इंटरनेटवर टाकल्या तर कायद्याची अडचण येईल का?

उत्तर : येऊ शकते. भारतीय कायद्यानुसार प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे टिकतो. म्हणजे १९७० साली निघालेली तबकडी २०३० अखेरपर्यंत आणि १९८४ ची कॅसेट २०४४ अखेरपर्यंत संरक्षित आहे. शब्द आणि चाल ह्यांचा हक्क निराळा, तो रचनाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे. स्वतःच्या ऐकण्यासाठी प्रत करून ठेवायला कोणी आडकाठी करणार नाही; सर्वांसाठी खुली करायची तर हक्कधारकाची लेखी संमती घ्यावी. कंपनी बुडालेली असली तरी हक्क बुडत नाही, तो बहुधा दुसऱ्या कोणाकडे गेलेला असतो. एचएमव्हीच्या भारतातील मुद्रणांसाठी आज सारेगामाकडे विचारावे लागते. कधीच प्रकाशित न झालेल्या तालमींच्या बाबतीत वादकांना किंवा त्यांच्या वारसांना भेटून विचारावे, आणि जाताना त्यांच्यासाठी एक प्रत बरोबर न्यावी.